आधी हिला बसवा

"आधी हिला बसवा."

खेळाचे सर म्हणाले. माझं नाव त्यांना माहीत होतं, हजेरीत रोज घ्यायचे. त्या दिवशी नुसतं बोट केलं, आणि मैदानावरच्या सगळ्या पोरांना कळलं की 'हिला' म्हणजे कुणाला. मलाही कळलं. ते जास्त वाईट होतं.

मी नववीत होते. तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावातली शाळा. शाळेच्या अध्यक्षांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात. त्यांचा वाढदिवस होता आणि त्यांची गूळतुला ठरली होती. एका पारड्यात साहेब बसणार, दुसऱ्यात त्यांच्या भाराइतका गूळ ठेवणार, मग तो गूळ पोरांना वाटणार. मैदानाच्या मधोमध तीन लोखंडी पाइप वरून एकत्र बांधून उभे केले होते. त्यांना कापसाच्या जिनिंगवरून आणलेली तराजूची जुनी दांडी. दांडीच्या दोन्ही टोकांना जाड दोरानं लटकवलेली लाकडी पारडी.

महिनाभरापूर्वी शेजारच्या तालुक्यात अशाच तुलेत एका पुढाऱ्याचा दोर तुटला होता. धोतरासकट खाली आला. ती गोष्ट सगळ्या पंचक्रोशीत हसत हसत सांगितली जात होती. आमच्या सरांना ते नको होतं. म्हणून चाचणी. म्हणून मी.

"बस जल्दी. लाजून काय राह्यली? साहेबांच्या जोडीला तूच भरतीस गावात."

बसले. चौदा वर्षांची पोरगी सरांना नाही म्हणत नसते. पारडं उघडं होतं. साहेबांसाठीची लाल मखमल शेजारच्या खुर्चीवर घडी करून ठेवली होती, आणि माझ्या मांडीखाली एक खिळा वर आला होता. दुसऱ्या पारड्यात दोन गडी गुळाच्या ढेपा ठेवू लागले. पोरं मोजू लागली. एक. दोन. तीन. पाचव्या ढेपेला टाळ्या पडल्या. सहाव्या ढेपेला शिट्टी. सातवी ठेवली तेव्हा माझं पारडं उचललं गेलं, पाय जमिनीवरून सुटले आणि तसेच लोंबकळत राहिले. मराठीच्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या आम्हाला करुण रस शिकवायच्या.

तेवढ्यात शाळेच्या कारकुनानं विचारलं, "सर, पोरगी पडली-बिडली तर?"

सर म्हणाले, "तुटायचा तर हिच्याखाली तुटू दे. साहेबांखाली नको."

आवाज खाली केला नाही त्यांनी. हेच माझ्या लक्षात राहिलं आहे. हे हळू बोलावं असं त्यांना वाटलंसुद्धा नाही.

मग मला उतरवलं. ओल्या फडक्यानं पारडं पुसलं. मखमल अंथरली. साहेब आले, बसले. त्याच पोरांनी मोजलं. साहेबांना नऊ ढेपा लागल्या. माझ्यापेक्षा दोन जास्त. नवव्या ढेपेला फटाके वाजले आणि माइकवरचा माणूस म्हणाला, असा भारदस्त नेता लाभायला गावाचं भाग्य लागतं. अर्ध्या तासापूर्वी तोच माणूस माझ्याकडं बघून म्हणाला होता, "हत्तीण हाय रे, हत्तीण."

गूळ वाटताना माझी पाळी आली तेव्हा सर म्हणाले, "हिला कमी द्या."

घरी आले. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तीर्थपुरीला एक लहानसा छापखाना चालवायचे. लग्नपत्रिका छापून पोट भरायचं आणि पत्रकं छापून मन. पाण्यासाठीची पत्रकं, ऊसतोड बायांच्या हक्काची पत्रकं, रस्त्याची, रेशनची, शाळेच्या गळक्या छपराची. माझी अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवर. सातवीपासून मुद्रितं मीच तपासायचे. आबांचा एक नियम होता, पत्रकात रडायचं न्हाई. काय पायजे ते लिहायचं आन् खाली सही करायची.

मी त्यांना सगळं सांगितलं. गूळ, शिट्टी, दोर.

आबा म्हणाले, "मनावर नको घेऊ. त्यांना दोर तपासायचा होता."

दुनियेतल्या प्रत्येक अन्यायावर ज्यांच्याकडं पत्रक होतं, त्यांच्याकडं माझ्यासाठी कागद नव्हता. आईनं त्या दिवसापासून माझ्या ताटातल्या भाकरी मोजायला सुरुवात केली. दीड. आबांच्या छापखान्यात समता रिमनं छापली जायची आणि घरी मला दीड भाकर.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती सगळी एकसारखी आहेत. जाडं माणूस रस्त्यानं चाललं की ते गावाच्या मालकीचं होतं. कुणीही यावं, सल्ला द्यावा, पुढं जावं. लिंबू-पाणी घे. भात सोड. पहाटे पळ. ज्या बाईला स्वतःच्या घरात कढईला हात लावायचा अधिकार नाही, ती मला आहार शिकवते. काळी-पिवळी जीपचा ड्रायव्हर भरल्या गाडीसमोर म्हणतो, "मॅडम, मधी बसा. मागं बसल्या तर गाडी उलार होईल, पुढून उचलंल." बारा जण हसतात. त्यातल्या चौघांची पोटं शर्टाच्या बटणांशी भांडत असतात. पण पुरुषाचं पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण. ते पोट पुढं काढून चालतात, आणि मी ओढणी ओढून.

एकदा आठ दिवस कान दुखत होता. जालन्याला डॉक्टरकडं गेले. त्यानं कानात पाहिलं नाही. काट्यावर उभं केलं. आकडा मोठ्यानं वाचला, बाहेरच्या बाकड्यावरच्या माणसांना जाईल एवढ्या मोठ्यानं. मग म्हणाला, आधी हे कमी करा, सगळं दुखणं आपोआप जातं. चार दिवसांनी कान फुटला. त्या कानानं मला आता कमी ऐकू येतं. टोमणे मात्र बराबर ऐकू येतात.

आणि चळवळीतले? त्यांचं वेगळं आहे असं मला वाटायचं. अंबडला एका मोर्चाचं पत्रक मी लिहिलं होतं, शब्द न् शब्द. ते स्टेजवरून वाचायचं होतं. आबांकडं नेहमी येणारा एक कार्यकर्ता, समतेवर तासतास बोलणारा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, राग नको मानू. भुकेल्या लोकांच्या बाजूनं बोलायचं तर माणूस जरा भुकेलं दिसावं लागतं." माझं पत्रक दुसऱ्या एका मुलीनं वाचलं. सडपातळ होती. छान वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडीत बसून उरलेले गठ्ठे मोजत होते.

त्या माणसाचा मी सरांपेक्षा जास्त तिरस्कार करते. सरांनी निदान समतेचं नाव घेतलं नव्हतं.

बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. चार वर्षांपूर्वी त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तासिकेवर. तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही ते साहेबांच्या मर्जीवर. यंदा विज्ञानाची कायम जागा भरायची होती. मुख्याध्यापक मला दोनदा म्हणाले, "मॅडम, तुमचं पक्कं धरा." आई शेजारपाजारी सांगून मोकळी झाली. आबांचा छापखाना आता जवळजवळ बंद आहे, पत्रिका मोबाइलवर जातात. घर माझ्या तासांवर चालतं. ती जागा मला पाहिजे होती. हे मी लपवत नाही. जीव तुटेपर्यंत पाहिजे होती.

आणि साहेबांची एकसष्टी आली.

यावेळी गूळ नाही, वह्या. साहेबांच्या भाराइतक्या वह्या गरीब विद्यार्थ्यांना वाटायच्या. तेच मैदान. तेच तीन पाइप, फक्त आता सोनेरी कागद गुंडाळलेला. तीच दांडी. खेळाचे सर आता उपमुख्याध्यापक झालेत. सडपातळ माणूस. त्यांच्या सडपातळपणावर मला काही म्हणायचं नाही, तो माझा विषय नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला पोरं रांगेत बसली होती. शिक्षक पारड्यांभोवती उभे होते. सरांनी मला हाक मारली.

"मॅडम, या. तुमाला तर अनुभव हाय."

"कशाचा, सर?"

"घ्या. इसरल्या. नववीत न्हाई का बसल्या होत्या? एकदा दोर बघून घेऊ मंग. साहेब अर्ध्या तासात येऊन राह्यले."

शिक्षक हसले. प्रेमानं हसले, आपल्या माणसाला हसावं तसे. मी ज्यांच्याबरोबर चार वर्षं डबा खाल्ला, ते. समोर माझा आठवीचा वर्ग बसला होता. गेल्याच आठवड्यात मी त्यांना गुरुत्वाकर्षण शिकवलं होतं.

"मी बसणार न्हाई," मी म्हणाले.

एवढंच. त्याला बारा वर्षं लागली, आणि म्हणायला एक श्वास लागला.

सरांचा चेहरा जरा उतरला, मग ते हसले. "बरं, राह्यलं. तुमी आता शिक्षक झाल्या." आणि रांगेकडं वळून ओरडले, "ए साक्षी. इकडं ये."

साक्षी सातवीत आहे. माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसते, भर उन्हाळ्यात ओढणी गुंडाळून. बॅटरी, तार आणि बल्ब दिला तर वर्गात सगळ्यांत आधी तिचा पेटतो. तिनं हाक ऐकली आणि उठून आली. लगेच आली. रडली नाही, घुटमळली नाही. फळा पुसायला बोलावलं की पोरं येतात तशी आली आणि पारड्याजवळ येऊन तिनं चपला काढल्या. व्यवस्थित, शेजारी शेजारी लावून ठेवल्या.

त्या चपला बघितल्या आणि मला मराठीच्या बाई आठवल्या. तोंडाला लावलेला पदर आठवला. मी स्वतःपुरतं नाही म्हटलं होतं. आता गप्प राहिले असते तर मी त्याच बाई झाले असते, फक्त पदराऐवजी ओढणी.

"साक्षी, चपला घाल."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं. घातल्या नाहीत.

"मॅडम, हे काय करून राह्यल्या?" सर म्हणाले.

मी पारडं आणि ती पोरगी यांच्या मधे जाऊन उभी राहिले. "दोर तपासायला पोती लागतात, सर. पोषण आहाराच्या खोलीत तांदळाची हायेत. पन्नास-पन्नासची दोन ठेवा. शंभर किलो होतात."

"टाइम कुठं हाय? पोतं काय आन् माणूस काय, वजन ते वजन. काय फरक पडतो?"

"फरक पडत न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"मंग तुमी बसा. मांडीवर एक पोतं घ्या. भरंल बराबर."

मागं कुणीतरी खुसखुसलं. सरही हसले. हसता हसता त्यांनी मान वर करून दोराकडं पाहिलं. दांडीला जिथं गाठ होती तिथं. मी त्यांना बघताना पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

"मी कशाला?"

"का बरं?"

"अहो, तुटला-बिटला तर कंबर जाईल माझी."

त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं. आठवीच्या रांगेत एकही पोर हललं नाही. बारा वर्षांपूर्वी जे ते मोठ्यानं बोलले होते, तेच आता पुन्हा मोठ्यानं बोलले, फक्त यावेळी कंबर त्यांची होती. माणसाला दुखतं हे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. मी इतकी वर्षं स्वतःला समजावत होते की त्यांच्या ध्यानात आलं नसेल. आलं होतं. आमचं दुखणं त्यांच्या हिशोबी दुखणं नव्हतं, इतकंच.

मुख्याध्यापक जवळ आले. हळू आवाजात म्हणाले. हळू बोलायची अक्कल त्यांना आहे.

"मॅडम, यंदा जागा भरायची हाय. ध्यानात असू द्या."

"ध्यानात हाय, सर."

"मंग बाजूला व्हा."

"पोती आणा."

रस्त्यावर साहेबांच्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. शिपायांनी पळत जाऊन दोन पोती आणली. ठेवली. दुसऱ्या बाजूला वह्यांचे गठ्ठे चढवले तसं पारडं उचललं गेलं. दोर तुटला नाही.

हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण गावात आता हेच म्हणतात. बघा, दोर तर बराबर होता. पोरगी दोन मिनिटं बसली असती तर काय झालं असतं? मॅडमनी उगं तमाशा केला. अशा लोकांना कुणीतरी पडून हाड मोडल्याशिवाय अपमान दिसत नाही. हाड मोडलं तरी ते विचारतील, किती किलोची होती?

आणि पोत्यांनी काम झालंच की. मग एवढी वर्षं पोती का नव्हती? तांदूळ तर तेव्हाही त्याच खोलीत होता. कारण पोत्यावर हसता येत नाही. पोतं लाल होत नाही, मान खाली घालत नाही. साहेब येईपर्यंत लोकांना काहीतरी गंमत पाहिजे असते. दोर हे निमित्त होतं.

साहेब आले. मखमलीवर बसले. एकसष्ट वर्षांचे, पूर्वीपेक्षा भारी झालेले. वह्यांचे गठ्ठे चढत गेले, पोरं मोजत गेली, फुलं उधळली गेली. त्या माणसाच्या शरीराबद्दल माझ्या मनात काही नाही. त्याला जसा मान मिळाला तसा प्रत्येकाला मिळावा, एवढंच. मी टाळी वाजवली नाही.

कार्यक्रमानंतर साक्षी नळावर भेटली. मला वाटलं, काहीतरी बोलेल. बोलली.

"मी बसले असते, मॅडम. दोनच मिनिटं असतंय ते. आता सर माझ्यावर वर्षभर डाफरतील."

माझ्यावर रागावली होती. तिचं बरोबर होतं. दोनच मिनिटं असतात, हे मी स्वतःला किती वर्षं सांगितलं होतं ते तिला कुठून माहीत असणार. माझ्याकडं तिला द्यायला काही नव्हतं. मी म्हणाले, "डाफरले तर मला सांग." ती म्हणाली, "तुमी असताल का पण?"

पोरगी हुशार आहे. चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की जूनपासून माझे तास नाहीत. जागा दुसऱ्याची झाली. कारण दिलं ते ऐकण्यासारखं आहे. विज्ञानाच्या शिक्षकाला पोरांपुढं आरोग्याचा आदर्श ठेवता आला पाहिजे, असं संस्थेचं मत पडलं. चार वर्षं मत पडलं नव्हतं. मी पोत्यांचं नाव घेतलं आणि आरोग्य आठवलं.

आईनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बारीक असतीस तर ही पाळीच आली नसती." मी म्हणाले, "बारीक असते तर दुसरी कुणी बसली असती."  तिनं ताट वाढलं. भाकरी मोजल्या नाहीत, की मोजल्या, मी पाहिलं नाही. हवी तेवढी खाल्ली.

मी पत्रक लिहून आबांपुढं ठेवलं. आबांनी चष्मा लावला, वाचलं, कागद उलटा करून ठेवला.

"हा इषय हाय का, बाई? लोक हसतील."

"नववीत सांगितलं तवा तुमीच म्हणाल्ते, त्यांना दोर तपासायचा होता."

 आबांनी माफी मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. मग त्यांनी कागद पुन्हा सुलटा केला आणि पेन्सिलनं दोन ओळी खोडल्या.

"हितं रडलीस," म्हणाले. "हे काढ. काय पायजे ते लिही."

मी काढल्या. आता त्यात रडणं नाही. माणसाला पारड्यात बसवून दोर तपासायचा नाही. शाळेत कुठल्याही पोराचं वजन चारचौघांत वाचायचं नाही. माणूस किती जाड आहे यावरून त्याची नोकरी ठरवायची नाही. खाली माझी सही आहे. आबांनी जुनं मशीन पुसून पाचशे प्रती काढल्या. शाळेच्या फाटकावर मी स्वतः चिकटवलं. दुपारपर्यंत फाडलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकटवलं.

लोक हसतात. बाजाराच्या दिवशी एकानं माझ्यासमोर पत्रक वाचून दाखवलं, आवाज काढून. मी शेवटपर्यंत उभी राहून ऐकलं. एक शब्द चुकीचा वाचला होता, तो दुरुस्त केला.

पुढच्या महिन्यात जांब समर्थच्या रस्त्यावरच्या एका गावात कुणा पुढाऱ्याची पेढेतुला आहे. त्या शाळेतही एखादी साक्षी असेल. मी जाणार आहे. काळी-पिवळीत मागच्या सीटवर बसून. ज्याला उलार व्हायची भीती त्यानं उतरावं. मैदानावर पारड्याजवळ जाऊन उभी राहणार आहे, आणि पोती आणा म्हणून सांगणार आहे. पोती आली तर पेढेतुला होईल.

नाही आली, तर त्या पारड्यात कुणीच बसणार नाही.